सराव करणारं लष्करी विमान आणि प्रवासी विमान: उपकरणं सक्तीची करायची की वाटा वेगळ्या?

तिरकस_वारा
प्रवासी विमान आणि सरावातलं लष्करी विमान थोडक्यात चुकलं, की 'वैमानिकांनी बाहेर बघायला नको?' असं कोणीतरी म्हणतंच. जरा हिशोब करू. दोघंही ४५० नॉटने (ताशी सुमारे ८३० किलोमीटर) समोरासमोर येत असतील तर अंतर सेकंदाला सुमारे ४६० मीटरने घटतं. दिसण्यापासून विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत १२.५ सेकंद लागतात, हा अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेचा ठोकताळा. म्हणजे ते पावणेसहा किलोमीटरवरच दिसायला हवं. तिथून आठ मीटर पंखांचं जेट ट्रेनर किती दिसेल? हात लांब करून धरलेल्या फूटपट्टीवर जेमतेम एक मिलिमीटर. त्यात टक्कर होणार असेल तर समोरचं विमान काचेवर सरकतच नाही, एका जागी डागासारखं थांबतं. लष्करी विमानांनाही टीकॅस (जवळ येणाऱ्या विमानाचा इशारा देऊन 'चढा' किंवा 'उतरा' सांगणारं उपकरण) आणि एडीएस-बी (आपली जागा रेडिओवरून सतत कळवणारी यंत्रणा) सक्तीचं करा, माझं मत स्वच्छ आहे.

लीडर_दोन
साफ असहमत. टीकॅस दुसऱ्याच्या ट्रान्सपॉन्डरला (विचारलं की आपली ओळख आणि उंची रेडिओवरून कळवणारं यंत्र) १०३० मेगाहर्ट्झवर विचारतं, उत्तर १०९० वर येतं. फॉर्मेशनमध्ये, म्हणजे गटाने एकत्र उडताना, सहसा फक्त लीडरचा ट्रान्सपॉन्डर चालू असतो, बाकीचे स्टँडबायवर. नाहीतर उत्तरांवर उत्तरं आदळतात. विंगमन, म्हणजे लीडरच्या सोबतचं विमान, लीडरपासून १ सागरी मैलापर्यंत लांब असू शकतो. चार विमानं, पडद्यावर ठिपका एक! शिवाय समोरचा आहे त्याच दराने चढत-उतरत राहील असं टीकॅस गृहीत धरतं. डॉगफाइटच्या (विमानांच्या हवेतल्या झुंजीच्या) सरावात तसं कोण उडवतं?
३० जुलै १९७१ ला जपानमध्ये शिझुकुइशीवर एफ-८६ लढाऊ विमान आणि प्रवासी बोइंग ७२७ ची टक्कर झाली, १६२ जण गेले. फॉर्मेशनचा सराव चालला होता, आणि त्यात शिकाऊची नजर लीडरवरच असते. सरावाची हद्दच वेगळी हवी.

तिरकस_वारा
आणि तळापासून त्या हद्दीपर्यंत जायचं कुठून, भुयारातून? त्याच वर्षी ६ जूनला कॅलिफोर्नियात फँटम हे लढाऊ विमान आणि प्रवासी डीसी-९ आदळले, ५० मृत्यू. फँटम सरावाच्या हद्दीत नव्हतं, तळाकडे परत निघालं होतं, आणि त्याचा ट्रान्सपॉन्डर बंद पडलेला होता.

शून्य_फूट
दोघंही उंचावरचं बोलताय. २९ जानेवारी २०२५, वॉशिंग्टन: लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरचं प्रशिक्षण उड्डाण आणि उतरणारं सीआरजे प्रवासी विमान, ६७ मृत्यू. टक्कर सुमारे ३०० फुटांवर. टीकॅसचा 'चढा' किंवा 'उतरा' हा आदेश जमिनीपासून साधारण १००० फुटांखाली मुद्दाम बंद ठेवलेला असतो. सीआरजेत वीसेक सेकंद आधी नुसतं 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' वाजलं. हेलिकॉप्टरलाही टीकॅस असतं तरी आदेश मिळालाच नसता.
वाटांचं म्हणाल, तर त्या तिथे नकाशावर वेगळ्याच होत्या. हेलिकॉप्टरला कमाल २०० फूट. पण धावपट्टी ३३ वर उतरणारं विमान त्या वाटेवरून फार तर ७५ फूट वरून जाणार. आणि जमिनीवर तपासताना आल्टिमीटरला, म्हणजे उंची दाखवणाऱ्या यंत्राला, किती फरक चालतो? ७५ फूट.

लीडर_दोन
ती वाट आखणाऱ्याचीच चूक. आडवं अंतर ठेवायला हवं होतं, उभ्यावर विसंबायचंच नाही.

तिरकस_वारा
एडीएस-बी इन (इतरांचे सिग्नल घेऊन पडद्यावर दाखवणारा भाग) असतं तर दोघांना एकमेकांचे ठिपके कितीतरी आधी दिसले असते. त्याला १००० फुटांचं बंधन नाही, आणि हेलिकॉप्टरचं तर आउटसुद्धा (स्वतःची जागा कळवणारा भाग) बंद होतं.