मदत हवी आहे: जान मारिया व्होलोन्तेचा चौथा सिनेमा कोणता?

आमच्या छोट्या फिल्म क्लबात चार रविवार इटालियन अभिनेता व्होलोन्तेचे सिनेमे दाखवायचेत. तीन ठरले: ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (१९६४), ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’ (१९६५) आणि दिग्दर्शक एलिओ पेत्रीचा ‘इन्व्हेस्टिगेशन ऑफ अ सिटिझन अबव्ह सस्पिशन’ (१९७०). दुसऱ्या सिनेमात खिशातलं घड्याळ उघडून त्याचा सूर थांबेपर्यंत वाट बघणारा तो डाकू इंडिओ, आणि पाच वर्षांनी सुटाबुटातला खुनी पोलीस अधिकारी! हा प्रवास लोकांना दिसावा, एवढीच माझी धडपड आहे.

पहिले दोन वेस्टर्न, म्हणजे घोडे-बंदुकांचे काउबॉयपट; त्यांच्यापासून तिसऱ्यापर्यंतचा मधला दुवा हवाय, म्हणून चौथाही वेस्टर्नच पाहिजे. दामियानीचा ‘अ बुलेट फॉर द जनरल’ (१९६६) आणि सोलिमाचा ‘फेस टू फेस’ (१९६७) दोन्ही पाहिलेत. माझा ओढा दुसऱ्याकडे आहे, कारण त्यात तो आजारी प्राध्यापक हळूहळू दरोडेखोर होतो. पण माझ्याकडची प्रत इंग्रजी डबिंगची आहे, ओठ एकीकडे नि आवाज दुसरीकडे. ओळखीतल्या संग्राहकांना विचारून झालं, ओटीटीवरही शोधलं.

प्रेक्षक तीसेक, बहुतेक वेस्टर्नला नवखे. चोरीची प्रत नको, डिस्क विकत घेईन.

तर, तुम्ही यातला कोणता दाखवाल? आणि ‘फेस टू फेस’ची न कापलेली, इटालियन आवाज व इंग्रजी सबटायटल्स असलेली डिस्क कुणी घेतली असेल, तर ती नेमकी कोणती?