भाषांतराच्या कामासाठी लॅपटॉप: १४ इंच की १६ इंच?

प्रश्न

नमस्कार. मी पूर्णवेळ भाषांतराचे काम करते. माझ्या १५.६ इंची लॅपटॉपला सात वर्षे झाली. त्याची बिजागरी इतकी सैल झाली आहे की टंकलेखन करता करता पडदा आपोआप मागे कलतो, त्यामुळे आता नवा घेणे भाग आहे. काम करताना डावीकडे मूळ मजकूर आणि उजवीकडे भाषांतर अशा दोन खिडक्या दिवसाचे सहा-सात तास शेजारी-शेजारी उघड्या असतात. वाचण्यासाठी चष्मा लागतो. आठवड्यातून तीन दिवस मी ग्रंथालयात बसून काम करते आणि तेव्हा लॅपटॉप पाठीवरच्या पिशवीत असतो. बाकीचे दिवस घरी.

घरच्यांचे म्हणणे असे की मोठा पडदा डोळ्यांना बरा, म्हणून १६ इंची घ्यावा. माझी एक सहकारी मात्र १४ इंचीचा आग्रह धरते, कारण तिच्या मते १५.६ आणि १४ यांत कामापुरता काही फरक पडत नाही. दुकानात उभ्या-उभ्या पाच मिनिटे पाहून मला काहीच ठरवता आले नाही. ज्यांनी दिवसभर मजकुरावरच काम केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

आपल्या सहकारीचे म्हणणे ऐकायला चमत्कारिक वाटले तरी त्यात बरेच तथ्य आहे. जाहिरातीतला इंचांचा आकडा म्हणजे पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची तिरपी लांबी असते. त्यावरून पडदा किती रुंद आणि किती उंच आहे हे कळत नाही. त्यासाठी रुंदी आणि उंची यांचे गुणोत्तरही माहीत असावे लागते. सात वर्षांपूर्वीचे बहुतेक लॅपटॉप १६:९ गुणोत्तराचे, म्हणजे चित्रपट पाहायला सोयीचे आणि मजकुराला बुटके असे होते. २०२० च्या सुमारास १६:१० गुणोत्तराचे पडदे पुन्हा मोठ्या प्रमाणावर येऊ लागले.

आता प्रत्यक्ष मापे पाहू. आपला १५.६ इंची पडदा १६:९ चा असेल, तर तो ३४.५ सेंटीमीटर रुंद आणि १९.४ सेंटीमीटर उंच आहे. १४ इंची, १६:१० चा पडदा ३०.२ सेंटीमीटर रुंद आणि १८.८ सेंटीमीटर उंच भरतो. म्हणजे रुंदीत चार सेंटीमीटरहून अधिक घट होते, पण उंची जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरने कमी होते. याउलट १६ इंची, १६:१० चा पडदा आपल्या आताच्या पडद्याएवढाच रुंद असून उंचीला २१.५ सेंटीमीटर, म्हणजे दोन सेंटीमीटरने जास्त असतो. ३:२ गुणोत्तराचा १३.५ इंची पडदासुद्धा १९ सेंटीमीटर उंच असतो, हे पाहिले की नुसत्या इंचांवर विसंबणे किती फसवे आहे ते लक्षात येते.

दोन पूर्ण पाने शेजारी-शेजारी पाहायची असतील, तर अडचण उंचीची येते, रुंदीची नव्हे. ए-४ कागद २९.७ सेंटीमीटर उंच असतो. मेनू आणि पट्ट्या यांना तीन सेंटीमीटर गेले असे धरले, तर अख्खे पान आपल्या जुन्या पडद्यावर मूळ आकाराच्या सुमारे ५५ टक्के, १४ इंचीवर ५३ टक्के आणि १६ इंचीवर ६२ टक्के दिसेल. वजनाचा विचार बाजूला ठेवला, तर १४ इंची घेऊन आपण फारसे काही गमावत नाही, मात्र १६ इंची घेऊन बरेच काही मिळवता.

उत्तर २

वरील मापे बरोबर आहेत, पण भाषांतरकार पूर्ण पान न्याहाळत बसत नाही, ओळी वाचतो. म्हणून मी अक्षराच्या आकारापासून सुरुवात करीन. मोठ्या पडद्यावर अक्षर आपोआप मोठे होते हा समज पूर्ण खरा नाही. अक्षर किती मोठे दिसेल हे पिक्सेलची घनता (एका इंचात किती पिक्सेल बसतात) आणि स्केलिंग (पडद्यावरचे सारे काही किती टक्के मोठे दाखवायचे ते सेटिंग) या दोहोंवर ठरते. विंडोजमध्ये १९२० × १२०० पिक्सेलच्या १४ इंची पडद्यावर स्केलिंग १२५ टक्के ठेवून दस्तऐवज १०० टक्के झूमवर उघडला, तर १२ पॉइंटचे अक्षर कागदावरच्या ९ पॉइंटच्या अक्षराएवढे दिसते. तेवढ्याच पिक्सेलच्या १६ इंचीवर ते १० पॉइंटच्या आसपास जाते. स्केलिंग १५० टक्के केले की १४ इंचीवर साडेदहा पॉइंटच्या थोडे वर आणि १६ इंचीवर जवळजवळ कागदाएवढेच अक्षर मिळते, पण मग पडद्यावर मजकूर कमी मावतो.

यातला हिशेब सरळ आहे. आपल्या डोळ्यांना सोसेल असे अक्षर एकदा ठरवले आणि दोन्ही पडद्यांवर तेवढेच ठेवले, की १४ पेक्षा १६ इंचीवर सुमारे ३० टक्के अधिक मजकूर मावतो, कारण क्षेत्रफळच तेवढे जास्त आहे. त्यातही दोन खिडक्या शेजारी ठेवल्यावर १४ इंचीवर एकेका खिडकीला १५ सेंटीमीटरच रुंदी उरते. झूम वाढवला की ओळी तुटू लागतात किंवा आडवे सरकवावे लागते, आणि मूळ व भाषांतर यांच्यात नजर सतत फिरत असताना हे फार दमवणारे असते.

देवनागरीसाठी पिक्सेलची घनता विशेष महत्त्वाची आहे. अनुस्वार, रफार, ऱ्हस्व-दीर्घ उकार हे सारे शिरोरेषेच्या वर किंवा अक्षराच्या पायाशी मोजक्या पिक्सेलमध्ये बसवलेले असतात. जुन्या १३६६ × ७६८ च्या १५.६ इंची पडद्यावर एका इंचात जेमतेम १०० पिक्सेल असतात. तिथे ‘सुत’ आणि ‘सूत’ यांतला फरक मला मुद्रितशोधन करताना अनेकदा दिसला नव्हता, आणि चूक छापून आल्यावर कळली होती. १६ इंची घेणार असाल, तर शक्यतो २५६० × १६०० चा पडदा घ्यावा, म्हणजे इंचाला १८९ पिक्सेल मिळतील. १४ इंचीला १९२० × १२०० चालून जाते, कारण तिथे घनता १६२ आहे.

उत्तर ३

माझा अनुभव वेगळ्या बाजूचा आहे. दोन वर्षांपूर्वी मी १६ इंची लॅपटॉप घेतला. पडद्याविषयी तक्रार नाही, पण उजव्या बाजूच्या नंबर पॅडचा त्रास मी आधी ओळखायला हवा होता. नंबर पॅडमुळे अक्षरांच्या कळा आणि टचपॅड डावीकडे सरकतात, त्यामुळे हात कळांच्या समोर ठेवले की डोळे पडद्याच्या मध्यावर राहत नाहीत आणि मान दिवसभर किंचित उजवीकडे वळलेली राहते. तीन-चार महिन्यांत माझी मान दुखू लागली. आकडे भरण्याचे काम नसेल, तर नंबर पॅड नसलेलेच मॉडेल शोधावे. १६ इंचीतही ती मिळतात.

वजनाबाबत ‘१६ इंची म्हणजे जड’ असे सरसकट म्हणता येत नाही. ॲपलचा १५.३ इंची मॅकबुक एअर दीड किलोचा आहे, तर खेळांसाठी बनवलेला १६ इंची लॅपटॉप अडीच किलोपर्यंत जातो आणि त्याचा चार्जरही जड असतो. म्हणून वजन नेहमी चार्जरसकट विचारावे. पिशवीचेही माप घ्यावे, कारण लॅपटॉपची बाहेरची रुंदी पडद्यापेक्षा जास्त असते. माझा लॅपटॉप जुन्या पिशवीच्या कप्प्यात शेवटी तिरपाच बसला.

उत्तर ४

माझे मत १४ इंची आणि घरी वेगळा मॉनिटर असे आहे. २४ इंची मॉनिटरची उंची २९.९ सेंटीमीटर आणि रुंदी ५३ सेंटीमीटर असते, म्हणजे दोन ए-४ पाने जवळपास पूर्ण आकारात शेजारी मावतात. असा पडदा कुठल्याही लॅपटॉपला नसतो. दुसरा लाभ मला त्याहून मोठा वाटतो. लॅपटॉपचा पडदा कळफलकाला जोडलेला असल्यामुळे तो कितीही मोठा असला तरी खालीच राहतो आणि मान वाकवावी लागते; मॉनिटरची वरची कड मात्र डोळ्यांच्या पातळीला आणता येते. फक्त मॉनिटर घेताना १९२० × १०८० ऐवजी २५६० × १४४० चा घ्यावा, कारण २४ इंचांत पहिल्याची घनता ९२ वर येते आणि देवनागरी खरबरीत दिसते.

निर्णयापूर्वी एक आठवडा नोंद ठेवावी, की दोन खिडक्यांचे काम घरी किती तास होते आणि बाहेर किती. घरी जास्त होत असेल, तर मोठा लॅपटॉप पाठीवर वागवण्यात अर्थ नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. आपण सांगितलेली मापे घेऊन मी खरोखरच करून पाहिले. पुठ्ठ्याचे दोन आयत कापले, एक ३०.२ × १८.८ आणि दुसरा ३४.५ × २१.५ सेंटीमीटरचा, आणि त्यांवर माझ्याच भाषांतरातला एक उतारा ९, साडेदहा आणि १२ पॉइंटमध्ये छापून चिकटवला. नेहमीच्या खुर्चीत बसून डोळ्यांपासूनचे अंतर मोजले, ते ५८ सेंटीमीटर भरले. त्या अंतरावरून ९ पॉइंटमध्ये अनुस्वार आहे की नाही हे मला पुढे झुकल्याशिवाय सांगता आले नाही. साडेदहाला मात्र अडले नाही. साडेदहा पॉइंटमध्ये दोन स्तंभ लहान पुठ्ठ्यावर बसवले, तर ओळी इतक्या आखूड होतात की लांब वाक्य चार-पाच ओळींत विखुरते.

आठवड्याच्या नोंदीने मात्र माझा अंदाज चुकवला. पहिला खर्डा मी घरी करते आणि त्या वेळी बऱ्याचदा मूळ मजकूर छापील प्रतीतच असतो. दोन खिडक्या समोर ठेवून ओळीला ओळ ताडून पाहण्याचे काम जवळजवळ सगळे ग्रंथालयात होते, कारण संदर्भाचे कोश तिथे आहेत. म्हणजे मोठा पडदा मला जिथे हवा आहे, तिथे मॉनिटर नेता येणार नाही. जुना लॅपटॉप चार्जरसकट तराजूवर ठेवला, तर तो २ किलो ७०० ग्रॅम भरला. सात वर्षे मी एवढे ओझे नेतच आले आहे, आणि पाहिलेले १६ इंची त्याहून हलके आहेत.

त्यामुळे १६ इंची, १६:१० चा, २५६० × १६०० पिक्सेलचा आणि नंबर पॅड नसलेला असे ठरवले आहे. ग्रंथालयातली माझी जागा खिडकीजवळ आहे, म्हणून पडदा चकचकीत नको, मॅटच हवा. उद्या पेनड्राइव्हवर माझ्या दोन फायली घेऊन दुकानात जाणार आहे आणि तिथे उभी न राहता खुर्ची मागून घेणार आहे.