मदत हवी आहे: पडत्या बाजारात टिकून राहायचं, पण कंपनीच बिघडली हे कसं ओळखायचं?

माझ्या शेअरच्या पोर्टफोलिओत मोजक्याच कंपन्या आहेत. कर्ज नगण्य, भांडवलावरचा परतावा चांगला, नफा बऱ्यापैकी सातत्याचा. सध्या बाजारासोबत सगळ्याच खाली आल्या आहेत. घाबरून विकायचं नाही, हे पक्कं. पैसे उसने घेतलेले नाहीत, अडीअडचणीची रक्कम वेगळी आहे आणि पुढची सात-आठ वर्षं हा पैसा लागणार नाही. त्यामुळे ‘इंडेक्स फंडात टाका’ हा सल्ला कृपया नको, तो भाग वेगळा चालू आहे.

अडलंय ते इथे. 2000 नंतर अ‍ॅमेझॉन 90 टक्क्यांहून जास्त पडला आणि पुढे कित्येक पटींनी वाढला. त्याच काळातल्या सिस्को या नेटवर्क उपकरणं बनवणाऱ्या कंपनीचा धंदा वाढत राहिला, तरी भाव जुन्या शिखरापर्यंत यायला दोन दशकांहून जास्त काळ गेला. म्हणजे चांगली कंपनी धरून ठेवली एवढ्याने भागत नाही, घेतानाचा भावही नडतो. (50 टक्के पडलेला शेअर मूळ जागी यायला 100 टक्के वाढावा लागतो, हे गणित तर आहेच.)

तिमाही निकाल, कामकाजातून येणारी रोकड, प्रवर्तकांनी (कंपनी चालवणाऱ्या मुख्य मालकांनी) कर्जासाठी तारण ठेवलेले शेअर आणि स्पर्धक कंपन्यांचे आकडे पाहून झालं. पण मंदीत विक्री सगळ्यांचीच घटते, त्यामुळे एक-दोन वाईट तिमाहींवरून काही ठरत नाही.

ज्यांनी एखादी मोठी पडझड शेअर न विकता काढली आहे, त्यांना विचारायचंय: मंदीचा तात्पुरता फटका आणि धंद्याला लागलेली कायमची कीड यांतला फरक तुम्हाला सर्वांत आधी कोणत्या आकड्यात दिसला, आणि विकण्याआधी किती तिमाही वाट पाहिलीत?