विल्टचे १०० पॉइंट्स, रसेलच्या ११ ट्रॉफ्या, जॉर्डन, लेब्रॉन... तुलना करायची तरी कशी?

कोपरमारू
काल भाच्याशी दोन तास वाद झाला आणि शेवटी दोघंही चिडून झोपलो. मी म्हटलं एनबीएत (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) विल्ट चेंबरलेनने १९६१-६२ च्या सीझनला मॅचमागे ५०.४ पॉइंट्स आणि २५.७ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) काढलेत, २ मार्च १९६२ ला एकाच मॅचमध्ये १०० केलेत, मग तो जॉर्डन-लेब्रॉनच्या खाली कसा काय? तर भाचा म्हणतो तेव्हा समोर खेळायला प्लंबर आणि फायरमन असायचे, त्या आकड्यांना काही अर्थ नाही. आता मला हे पटत नाहीये पण उत्तरही सुचत नाहीये. वेगवेगळ्या काळातल्या खेळाडूंची तुलना करायची काही धड पद्धत आहे का की नुसतंच ज्याचा त्याचा देव?

पेंटमधला
आहे की. सरासरी बघायचीच नाही, संधी किती मिळाली ते बघायचं. तुझ्याच रिबाउंडचं घे. ६१-६२ ला एक टीम मॅचमध्ये १०७ च्या आसपास शॉट मारायची आणि त्यातले निम्म्याहून जास्त हुकायचे, आता ८८-८९ मारतात आणि हुकतातही कमी. म्हणजे तेव्हा दोन्ही टीम मिळून मॅचला साधारण १४२ रिबाउंड व्हायचे, आत्ता ८८. विल्टचे २५.७ म्हणजे १४२ पैकी १८ टक्के, आजच्या मॅचमध्ये ते १६ च्या घरात येतात. आता गंमत बघ, १९९१-९२ ला डेनिस रॉडमनने १८.७ काढले, तेव्हाही मॅचला ८८ च्याच आसपास रिबाउंड असायचे आणि हा ४८ पैकी ४० मिनिटंच कोर्टवर, म्हणजे तो असताना झाले साधारण ७३, त्यातले १८.७ याचे. चारातला एक! विल्टचा साडेपाचातला एक. आणि रॉडमन सहा फूट सात इंच, विल्ट सात फूट एक. आता बोल.

कोपरमारू
अरे मी विल्टची बाजू मांडायला आलो होतो 😅

जुनाफॅन
पेंटमधला, हिशोब बरोबर आहे तुझा पण अर्धाच सांगितलास. रॉडमनला पॉइंट्स काढायचेच नव्हते, त्याचं सगळं लक्ष बॉल रिंगवरून कुठे उडणार यावर. विल्ट तेच करत करत दुसऱ्या बाजूला ५० काढत होता, आणि ४८ मिनिटांच्या मॅचमध्ये त्याची सरासरी ४८.५ मिनिटं आहे, ओव्हरटाइम धरून. ८० मॅचच्या सीझनमध्ये तो जेमतेम आठ-साडेआठ मिनिटं बाहेर बसला, तेही रेफरीने हाकलला म्हणून. पायात कॅनव्हासचे बूट. आजचे स्टार ३५ मिनिटं खेळतात आणि लागोपाठ दोन दिवस मॅच आली की एकीला सुट्टी घेतात (घेऊ देत बापडे, पण मग तुलना करताना हेही धरा की).

आणि ते प्लंबरचं बोलूच नका. लीगमध्ये फक्त ९ टीम होत्या, म्हणजे आजच्या ३० टीमच्या लीगमध्ये जे बाकावर बसतात त्यातल्या बऱ्याच जणांना तेव्हा जागाच मिळाली नसती. आणि टीम कमी म्हणून सारखे तेच तेच समोर यायचे, विल्टला एका सीझनमध्ये दहा-दहा वेळा बोस्टनच्या डिफेन्सवाल्या बिल रसेलशी भिडावं लागायचं. विल्टच्या धसक्याने रिंगखालची लेन (अटॅक करणाऱ्याला जिथे तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही) १९६४ ला १२ फुटांची १६ फूट केली. प्लंबरांच्या लीगमध्ये एका माणसासाठी कोर्ट नव्याने आखत नाहीत.

पेंटमधला
मिनिटांचं मान्य. पण १०० वाल्या मॅचचंही सांग ना मग. हर्शी गावात झाली, व्हिडिओ नाही, शेवटी शेवटी न्यूयॉर्कवाले विल्टकडे बॉल जाऊ नये म्हणून त्याच्या बाकीच्यांना फाउल करत होते आणि विल्टचे फिलाडेल्फियावाले बॉल परत मिळावा म्हणून न्यूयॉर्कला. १६९-१४७. त्याला मॅच म्हणायचं की जत्रा? ६३ शॉट मारले एकट्याने.

जुनाफॅन
त्यातले ३६ आत. आणि ३२ पैकी २८ फ्री थ्रो (फाउलनंतरचे मोकळे शॉट), ज्या माणसाचा करिअरचा फ्री थ्रो ५१ टक्के आहे त्याचे. जत्रा तर जत्रा, बाकी कोणाला जमली का?

सहावामाणूस
मला वाटतं तुम्ही दोघं चुकीच्या जागी शोधताय. जुन्या काळाबद्दल आज बसून आपण काय ठरवणार, ब्लॉक (समोरच्याचा शॉट अडवणं) आणि स्टील (बॉल हिसकावणं) तर १९७३-७४ पर्यंत लिहूनच ठेवत नव्हते, म्हणजे रसेलचं जे खरं काम तेच कागदावर नाही. मग त्या काळच्या माणसांना काय वाटलं ते बघा. तेव्हा एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) पत्रकार नाही, खेळाडू निवडायचे. आणि विल्टने ५० ची सरासरी काढली, ऑस्कर रॉबर्टसनने पूर्ण सीझन ट्रिपल डबलची (पॉइंट्स, रिबाउंड, असिस्ट तिन्ही दहाच्या वर) सरासरी ठेवली, त्याच ६१-६२ ला खेळाडूंनी मत दिलं रसेलला! ज्यांच्या डोक्यावरून विल्ट डंक मारत होता त्यांनीच. त्याच वर्षी फायनलच्या सातव्या मॅचमध्ये रसेलचे ३० पॉइंट्स ४० रिबाउंड आणि ट्रॉफी. १३ सीझन, ११ ट्रॉफ्या. फायनल्स एमव्हीपी त्याला एकदाही नाही कारण ते सुरूच १९६९ ला झालं, त्याच्या शेवटच्या वर्षी, आणि तेही मिळालं हरलेल्या टीमच्या जेरी वेस्टला. आता त्या अवॉर्डलाच रसेलचं नाव आहे ही गोष्ट वेगळी.

म्हणून माझी पद्धत एवढीच की त्याच्या वेळच्या बाकीच्यांपेक्षा तो किती पुढे होता. टाइम मशीनमध्ये बसवून इकडे आणायचं नाही.

एअरबॉल
काय डोकं फोडताय लेको. जॉर्डन. सहा फायनल सहा ट्रॉफ्या सहा फायनल्स एमव्हीपी. थ्रेड बंद करा.

सहावामाणूस
म्हणजे फायनलला जाऊन हरण्यापेक्षा आधीच हरून घरी बसलेलं बरं? लेब्रॉन १० फायनल खेळला, ४ जिंकला, २०१६ ला ७३ मॅच जिंकलेल्या टीमविरुद्ध ३-१ ने मागे असताना जिंकला. आणि १९८७-८८ ला एकाच वर्षी एमव्हीपी आणि डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर दोन्ही, हा जॉर्डनचा खरा मुद्दा आहे, तो कोणी मांडतच नाही, सगळे सहाला सहाच घेऊन बसतात.

एअरबॉल
बरं पण जॉर्डनला हात लावून अडवायचे, कमरेवर हात ठेवून ढकलत न्यायचे, २००४ नंतर ते कडक केलं म्हणून आजचे गार्ड मोकळे सुटलेत. आजच्या नियमात त्याने मॅचमागे ४५ काढले असते.

पेंटमधला
आणि २००१ पर्यंत झोन डिफेन्स बेकायदा होता हे सोयीस्कर विसरलास. आपला माणूस सोडून नुसतं मध्ये उभं राहता यायचं नाही, म्हणजे जॉर्डन ड्राइव्ह मारायला निघाला की समोर एकच जण, ढकलणारा असेल पण एकच. आता बॉल हातात आला की तिघं त्याच्याकडे तोंड करून उभे. एक नियम काढलात तर दुसराही काढा. शिवाय आज त्याला थ्री (लांबून तीन पॉइंट्सचे शॉट) मारावे लागले असते, ८६-८७ ला ३७.१ ची सरासरी होती पण पूर्ण सीझनमध्ये थ्री गेले १२. शिकला असता हे नक्की, पण मग तो ४५ वाला तोच जॉर्डन राहतो का सांग.

कोपरमारू
अपडेट: भाच्याला खेळाडूंच्या मतांचं सांगितलं, गप्प बसला. मग मूर्खासारखं रॉडमनचं गणितही सांगितलं. आता तो म्हणतोय रॉडमन विल्टपेक्षा भारी होता आणि मीच आकड्याने सिद्ध करून दिलंय. पेंटमधला, तू ये आता निस्तरायला.