पेडलचा कयाक: पंखा की पाती?

गोव्यातल्या मांडवी नदीत चोणक मासा धरण्यासाठी पेडलने तळाखालचा पंखा फिरवणारा कयाक (लहान अरुंद होडी) घ्यावा की तळाखालची दोन पाती हलवून पुढे जाणारा, या आपल्या प्रश्नाबाबत ओहोटीचा एक मुद्दा जोडू इच्छितो. पंख्याच्या कयाकात पेडल उलटे फिरवताच मागे सरकता येते आणि गळाला लागलेला चोणक खारफुटीच्या मुळांत शिरू पाहतो तेव्हा ही सोय फार मोलाची ठरते. पण तो पंखा तळाखाली बराच खोल उतरलेला असतो. होबी या कयाक बनवणाऱ्या कंपनीने १९९७ साली आणलेल्या रचनेतील दोन पाती मात्र एक पेडल पूर्ण पुढे दाबले की तळाला चिकटतात, त्यामुळे उथळ पाण्यातून निसटता येते. मूळ रचनेत मागे जाण्याची सोय नव्हती, ती नंतरच्या मॉडेलांत आली. मांडवीतल्या चोडण बेटाच्या बाजूला ऐन ओहोटीत माझ्या पंख्याची कड कालवांच्या शिंपांवर घासून करवतीसारखी दातेरी झाली, तेव्हापासून आतल्या खाडीसाठी मी पातीच सुचवतो. वजनही पाहावे: असे बरेच कयाक ४० किलोंहून जड भरतात आणि गुडघाभर चिखलातून एकट्याने ओढताना ते अतिशय जाणवते. वल्हे आणि लाइफ जॅकेट सोबत हवेच.