पाठराखण, परिचय आणि आरंभीची पाने

विचारणा: पुस्तकाच्या मलपृष्ठावरील मजकुराला 'पाठराखण' म्हणावे, की 'ब्लर्ब' हाच शब्द चालू ठेवावा? तसेच ई-पुस्तक विकत घेण्यापूर्वी त्यातील काही पाने विनामूल्य वाचायला मिळतात, त्यांना मराठीत काय म्हणावे?

प्रतिसाद: 'ब्लर्ब' हा शब्द अमेरिकी लेखक जिलेट बर्जेस यांनी १९०७ मध्ये आपल्या पुस्तकाच्या एका खास वेष्टनावर योजला. त्यावर त्यांनी बेलिंडा ब्लर्ब नावाची काल्पनिक तरुणी त्या पुस्तकाचे गुणगान करताना दाखवली होती, म्हणजे स्तुती त्या शब्दात जन्मापासूनच आहे. 'पाठराखण' या शब्दाचा भाव निराळा आहे. नव्या नवरीसोबत सासरी जाते ती पाठराखीण. ती मुलीला धीर देते, तिच्या उणिवांची चर्चा करत नाही. एखाद्या ज्येष्ठ कवीने नवोदिताच्या संग्रहामागे चार ओळी लिहून खाली आपले नाव घातले असेल, तर त्यासाठी याहून नेमका शब्द मला सुचत नाही. मात्र कथानकाची ओळख करून देणारा प्रकाशकाचा निनावी मजकूर म्हणजे पाठराखण नव्हे, त्याला 'परिचय' म्हणावे. वाचकाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे, कारण परिचयातून विषय कळतो, पाठराखणीतून शिफारस कोणाची ते कळते, आणि लेखकाची भाषा या दोहोंतूनही कळत नाही.

ती कळण्यासाठी आपल्याकडे पुस्तक 'चाळण्याची' रीत आहे. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात वाचक पुस्तक मध्येच कुठेतरी उघडतो, उभ्या उभ्या अर्धे पान वाचतो, आणखी दोन ठिकाणी डोकावतो आणि मग ठरवतो. (प्लास्टिकमध्ये बंद केलेल्या प्रतींनी ही सोय हिरावून घेतली आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.) ई-पुस्तकाचा विनामूल्य भाग मात्र बहुधा मुखपृष्ठापासूनच सुरू होतो. मराठी पुस्तकात अर्पणपत्रिका, दीर्घ प्रस्तावना, मनोगत आणि ऋणनिर्देश ओलांडल्याशिवाय मूळ मजकूर येत नाही. त्यामुळे कित्येकदा कादंबरीचे पहिले वाक्य येण्याआधीच हा भाग संपतो. शितावरून भाताची परीक्षा करायची, तर शीत भाताचेच हवे. म्हणून या भागाला 'नमुना' किंवा 'वानगी' म्हणायला माझे मन घेत नाही. 'आरंभीची पाने' हेच सरळ नाव योग्य ठरेल. संग्रहातील एखादी कथा निवडून वाचायला दिली असेल, तर तिला 'वानगी' अवश्य म्हणावे, कारण 'वानगीदाखल' म्हणताना आपण काहीतरी वेचूनच पुढे ठेवतो.

दुसरा प्रतिसाद: आपले विवेचन पटले, तरी एक शंका राहते. वृत्तपत्रांत 'गुन्हेगारांची पाठराखण' असा प्रयोग सर्रास आढळतो. त्यामुळे पुस्तकाचेही काही चुकले असावे, असा ग्रह होणार नाही का?

उत्तर: आपली शंका रास्त आहे, पण तो अर्थ बव्हंशी 'पाठराखण करणे' या प्रयोगाला चिकटलेला आहे. 'संग्रहाला अमुक यांची पाठराखण लाभली आहे' असे लिहिल्यास गैरसमजाला जागा उरत नाही. श्रेयनामावलीत 'पाठराखण' या शब्दापुढे लिहिणाऱ्याचे नाव द्यावे, आणि नाव द्यायचे नसेल तर तेथे 'मलपृष्ठ मजकूर' इतकेच छापावे.