'मंडळ्या' की 'मंडळे'? आणि चर्च प्लांटिंगला मराठीत काय म्हणायचं?

कोरं_पान:
एका शहरी ख्रिस्ती सेवासंस्थेचा अहवाल मराठीत आणतेय, तिथे अडले आहे. संस्था बरीच वर्षं जेवण वाटप, मुलांची शिकवणी, मोठ्या प्रार्थनासभा असं सगळं करायची. मग एका बैठकीत कुणीतरी विचारलं, इतक्या वर्षांत असे किती जण तयार झाले जे स्वतः दुसऱ्याला बायबलचं वचन शिकवू शकतील? नावं काढायला बसले तर कागद अर्धाही भरेना. तिथून त्यांनी वळण घेतलं, मोठ्या सभा कमी, एकेका माणसाबरोबर बसणं जास्त, आणि त्यातून नव्या मंडळ्या, म्हणजे एकत्र उपासना करणारे ख्रिस्ती लोकांचे स्थानिक समूह. नव्या मंडळ्या सुरू करणं म्हणजेच इंग्रजीतलं चर्च प्लांटिंग. मी लिहिलं होतं, 'शिष्यत्व आणि मंडळ्यांची स्थापना यांकडे संस्था वळली'. तपासणाऱ्या बाईंनी 'मंडळ्या' खोडून 'मंडळे' केलं, म्हणाल्या मंडळी हा समूहवाचक शब्द, त्याचं अनेकवचन होत नाही. मी तर लहानपणापासून मंडळ्या ऐकत आलेय. मी चुकतेय का?

खडूफळा:
अजिबात नाही. बायबलच्या प्रकटीकरण या पुस्तकात आशियातल्या सात 'मंडळ्या' आहेत, मराठी बायबल वाचणाऱ्या कुणालाही विचारा. 'मंडळे' केलंत तर वाचणाऱ्याला वीज मंडळ आणि परीक्षा मंडळ आठवेल. घरातली मंडळी झोपली, यातली मंडळी वेगळी आणि करिंथची मंडळी वेगळी. दुसरी मोजता येते, म्हणून तिचं अनेकवचन होतं.

शब्दशोधक_७:
तरी बाईंचं म्हणणं उडवून लावू नका. अहवाल ख्रिस्तीतर लोकही वाचणार असतील तर 'बारा मंडळ्या' हे त्यांना चुकीचंच वाटणार. कॅथलिक लोक 'ख्रिस्तसभा' म्हणतात, तो शब्द बाहेरच्यालाही लगेच कळतो. शिवाय नव्या करारातला मंडळीसाठीचा मूळ ग्रीक शब्द एक्लेसिया म्हणजे सभाच की, नगरातल्या नागरिकांची. बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात १९व्या अध्यायात इफिसच्या नाट्यगृहात गोंधळ घालणाऱ्या जमावालासुद्धा हाच शब्द आहे.

खडूफळा:
पण ख्रिस्तसभा म्हटलं की सगळी जागतिक सभा डोळ्यासमोर येते, एका वस्तीत वीस माणसं जमतात ती नाही. इथे तीच वीस माणसं हवी आहेत.

नदीकाठची:
मला मंडळीपेक्षा 'स्थापना' जास्त खटकतेय. स्थापना एका दिवसात होते, फीत कापली, फलक लावला, झालं. चर्च प्लांटिंगमध्ये झाड लावणं आहे ना? प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की मी लावलं, अपुल्लोस या सहकाऱ्याने पाणी घातलं, वाढवलं मात्र देवाने. ग्रीकमध्ये तिथे रोप लावण्याचंच क्रियापद आहे. मग 'मंडळी रोपण' का नको?

शब्दशोधक_७:
रोपण म्हटलं की मूत्रपिंड आठवतं हो. वृक्षारोपणही आता फोटोपुरतं उरलंय, खड्डा खणला, रोप ठेवलं, पुढच्या वर्षी खड्डा तसाच.

नदीकाठची:
म्हणूनच मी 'रुजवणे' म्हणेन. संस्थेने मंडळ्या रुजवल्या. रोप लावलं तरी ते रुजेलच असं नाही, आणि ती धाकधूक या कामात खरंच असते. मी एका नव्या मंडळीत पहिली तीन वर्षं होते, दर आठवड्याला खुर्च्या मांडताना किती मांडायच्या हेच कळायचं नाही. जास्त मांडल्या की रिकाम्या खुर्च्या बघून आलेल्यांचाच धीर सुटायचा. 'स्थापना' या शब्दात ते काहीच येत नाही.

मधली_ओळ:
'कलम' बसतं का बघा. न्यूयॉर्कमध्ये पाळक टिमथी केलर यांनी १९८९ मध्ये मॅनहॅटनमध्ये रिडीमर चर्च सुरू केलं, नंतर त्याच चर्चने नव्या मंडळ्या उभ्या करण्याचं केंद्र काढलं, आणि २०१७ मध्ये मूळ मंडळीच्याच तीन वेगळ्या मंडळ्या झाल्या. फांदी काढून दुसरीकडे लावायची, हे कलमच झालं.

नदीकाठची:
कलम केलं की मूळ झाडाचीच जात येते. नवी मंडळी आपल्या मातीतून वाढावी, स्वतःचा खर्च स्वतः उचलावा, स्वतःचे पुढारी स्वतः घडवावेत, ही अपेक्षा १९व्या शतकात हेन्री व्हेन आणि रूफस अँडरसन हे मिशन संस्थांचे पुढारी मांडून गेले. स्वावलंबी, स्वयंशासित, स्वयंप्रसारक. कलमात ते मावत नाही.

जुनी_शाई:
सगळे झाडात गुंतलात, शिष्यत्वाकडे कुणी बघतच नाहीये. माझ्या मते शिष्य आणि शिस्त एकाच संस्कृत धातूचे, शास्, म्हणजे शिकवणं. म्हणून डिसायपलशिपला 'शिस्त' हाच जवळचा शब्द, इंग्रजीतही तेच नातं आहे.

शब्दशोधक_७:
शिष्य शास् पासून हे बरोबर, पण शिस्त फारसीतून आलाय, मराठीत जुना अर्थ बंदुकीचा नेम. उच्चार जुळला म्हणून नातं जुळत नाही. आणि शिष्यासाठीचा ग्रीक शब्द माथेतेस म्हणजे शिकणारा. संस्कृत शब्दात शिकवणारा पुढे उभा राहतो, ग्रीकमध्ये शिकणारा. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

खडूफळा:
मत्तय २८:१९ मधल्या येशूच्या आज्ञेत मूळ ग्रीकमध्ये आज्ञार्थ एकच आहे, 'शिष्य करा'. जाणं, बाप्तिस्मा देणं, शिकवणं ही बाकीची रूपं त्याला जोडून येतात. म्हणून 'शिष्यत्व' हे नाम टाकून द्या, 'शिष्य घडवणं' लिहा. त्व लागला की माणूस नाहीसा होतो. मला ज्यांनी घडवलं ते मार्काचं शुभवर्तमान उघडून ओळीखाली बोट ठेवायचे आणि थांबायचे, मी बोलेपर्यंत बोटही हलायचं नाही. त्याला मी शिष्यत्व कसं म्हणू?

मधली_ओळ:
आमच्या गटात सरळ 'डिसायपल करतोय' म्हणतात आणि सगळ्यांना कळतं. लोक बोलतात ते लिहायला काय हरकत आहे?

जुनी_शाई:
हरकत आहे. दोनशे वर्षांपूर्वीपासून मराठीत बायबल आहे, शिष्य हा शब्द तेव्हापासून रुळलेला आहे. असलेला शब्द टाकून उसना घ्यायचा हे मला पटत नाही. शिस्तीबद्दल मी चुकलो, याबद्दल नाही.

मधली_ओळ:
बाप्तिस्माही उसनाच आहे, तो रुळला ना?

कोरं_पान:
सगळ्यांचे आभार. 'शिष्य घडवण्याकडे आणि मंडळ्या रुजवण्याकडे' असं करून पाठवलं. बाईंनी रुजवणे ठेवलं, मंडळ्या पुन्हा खोडलं. आता पुढच्या पानावर नवीन अडचण, त्या संस्थेत शिष्य घडवणाऱ्या निम्म्याहून जास्त बायका आहेत. 'शिष्या' लिहू का?

खडूफळा:
ग्रीक नव्या करारात स्त्रीलिंगी रूप एकदाच येतं, यापो गावच्या टबीथा नावाच्या बाईसाठी, कृत्ये ९:३६. मी शिष्याच लिहीन.

शब्दशोधक_७:
मी नाही लिहिणार. 'शिष्या' हे 'शिष्य'चं संबोधनही आहे, वाक्यात घोटाळा होईल.